कृपा, निवड आणि माणसाची इच्छा: एका ऑनलाइन कोर्सविषयी

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या निवडीवर अवलंबून आहे की माणसाच्या होकारावर, हा प्रश्न आमच्या बायबल अभ्यासगटात निघाला की हमखास दोन तट पडतात. एक जण देव आपल्या मर्जीने निवड करतो असं सांगणारा, रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडतो. दुसरा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे असं सांगणारं वचन पुढे करतो. मग चर्चा तिथेच अडते. गटाला उपयोगी पडेल म्हणून मी हा रेकॉर्डेड व्याख्यानांचा कोर्स घेतला आणि शेवटपर्यंत ऐकला. शिकवणारे दोघं आहेत, एक कॅल्व्हिनच्या, म्हणजे देवाच्या निवडीवर भर देणाऱ्या परंपरेतले आणि दुसरे वेस्लीच्या, म्हणजे माणसाच्या होकारालाही जागा देणाऱ्या. दोघंही एकमेकांचं म्हणणं पूर्ण होऊ देतात.

इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजावरचं, फारोवरचं व्याख्यान या कोर्सचा कळस आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव मोशेला आधीच सांगून ठेवतो की मी फारोचं मन कठीण करीन. आठव्या अध्यायात बेडकांची पीडा टळते, जरा उसंत मिळते, आणि फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो. नवव्यात गळवांच्या पीडेनंतर मन कठीण करणारा परमेश्वर आहे. त्याच अध्यायात गारा पडताना फारो ‘मी पाप केलं’ अशी कबुली देतो, आणि गारा थांबताच पुन्हा स्वतः मन कठीण करतो. ही वचनं क्रमाने, मध्ये कसलीही टिप्पणी न करता वाचून दाखवली आहेत. त्यानंतर वाद सुरू होतो. वेस्लीपंथी शिक्षक म्हणतात, फारोने जो हट्ट निवडला त्याच्याच हवाली देवाने त्याला केलं. कॅल्व्हिनपंथी लगेच चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवतात: देवाचा शब्द तर फारोच्या हट्टाच्या आधीचा आहे. माझ्या मते इथे कॅल्व्हिनपंथीयांची बाजू वरचढ ठरते. पण फारोची कबुली खरीखुरी त्याची स्वतःची आहे, आणि हे तेही नाकारत नाहीत.

इतिहासाचा भाग असमान आहे. कृपेशिवाय माणूस चांगलं करूच शकत नाही म्हणणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या स्वतःच्या इच्छेवर भिस्त ठेवणारा पेलागियस यांचा वाद, पेलागियसची शिकवण नाकारणारी 418 ची कार्थेजची परिषद, मग 1524 मध्ये इरॅस्मसने स्वतंत्र इच्छेच्या बाजूने केलेलं लेखन आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने दिलेलं उत्तर, हे सगळं नीट मांडलंय. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांची मतं नाकारणाऱ्या, नेदरलँड्समधल्या कॅल्व्हिनपंथीयांच्या डॉर्टच्या सभेवर (1618–19) मात्र खरोखर मेहनत घेतली आहे, आणि त्यामुळे दोन्हीकडचे गैरसमज दूर होतात. कृपेशिवाय पतित माणूस देवाकडे वळूच शकत नाही, हे आर्मिनियसलाही मान्य होतं. त्याचा प्रश्न एवढाच होता की ती कृपा माणूस झिडकारू शकतो का. उलट डॉर्टचे ठराव स्पष्ट म्हणतात की देव माणसाला लाकडा-दगडासारखं वागवत नाही, त्याची इच्छा मोडीत काढत नाही. आमच्या गटात ‘कॅल्व्हिनवाद्यांच्या लेखी माणूस म्हणजे कळसूत्री बाहुली’ असं सर्रास म्हटलं जातं. ते किती अन्यायाचं आहे, हे इथे कळतं. सभेच्या पाठीमागचं राजकारण, आर्मिनियसच्या अनुयायांची पाठराखण करणारा डच राजकारणी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याला 1619 मध्ये झालेली देहदंडाची शिक्षा, हेही लपवलेलं नाही, याबद्दल शिक्षकांचं कौतुक.

कॅथलिक परंपरा मात्र घाईघाईत उरकली आहे. कृपा आणि स्वतंत्र इच्छा यांचा मेळ घालणारा, मोलिना या स्पॅनिश जेझुइट धर्मपंडिताचा 1588 चा ग्रंथ आणि त्यावरून पेटलेला वाद पोप पाचवे पॉल यांनी 1607 मध्ये कोणालाही दोषी न ठरवता थांबवला, हे दोन वाक्यांत येतं आणि जातं. एवढा मोठा वाद निकाल न देता थांबवणं का भाग पडलं, हाच तर शिकण्यासारखा मुद्दा होता. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचा तर उल्लेखही नाही.

माझी खरी तक्रार प्रार्थनेबद्दल आहे. माझ्या थोरल्या भावाने विश्वास सोडलाय आणि मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. निवड आधीच झाली असेल तर मी काय मागते? आणि सगळं भावाच्या इच्छेवर असेल, तर मी देवाकडे का मागते? कोर्सच्या प्रश्नोत्तरांत मी हे विचारलं. उत्तरादाखल व्याख्यानातलाच एक परिच्छेद जसाच्या तसा आला. वास्तविक या प्रश्नाचं उत्तर परंपरेत आहे. अविश्वासी माणसाचं मन देवाने वळवावं म्हणून मंडळी प्रार्थना करते, म्हणजे मन वळवणं देवाच्या हातात आहे हे ती मानतेच, असा ऑगस्टीनचा युक्तिवाद आहे. वेस्लीपंथी म्हणतील, माणसाच्या होकाराच्या आधी येणारी, त्याला होकार देण्याइतपत मोकळं करणारी कृपा माग. दोन्हीकडे माझ्या तोंडी तीच विनंती येते, आणि दोन्ही शिक्षकांनी हे एकत्र बसून बोलायला हवं होतं. फिलिप्पैकरांस पत्रात पौल तर एका दमात दोन्ही सांगतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवून आणणारा देव आहे. त्या वचनाला अख्खं व्याख्यान मिळायला हवं होतं, इथे मिळालीत काही मिनिटं.

तरीही गटासाठी कोर्स जरूर घ्या. फारोचं व्याख्यान आधी ऐकवा, ऐकताना निर्गमाचे ते अध्याय प्रत्येकाच्या हातात उघडे असू द्या. डॉर्टचं त्यानंतर. प्रश्नोत्तरांच्या सोयीसाठी वेगळे पैसे मागतात, ते भरू नका.