खिडक्यांचे गाळे सरळ करायचे 16,500 घेतले आणि फोम भरून पळाला

खिडक्या बसवणाऱ्याशी ठरले होते 1,18,000, त्यातले 70,800 आगाऊ. पैसे हातात पडल्यावर सूर बदलला : ‘गाळे वाकडे आहेत, सरळ करायचे वेगळे 16,500.’ दिले. केलं काय, तर एका बाजूच्या विटा छन्नीने फोडल्या, दुसऱ्या बाजूची फट फोमने बुजवली आणि वर पट्टी मारली. बाहेरून चकाचक.

पाऊस आत आला तेव्हा पट्टी उचकटली. फट 40 मिलिमीटर! चौकटीभोवती 10 मिलिमीटर जागा पुरते. फोम फट भरतो, चौकट धरतात ते स्क्रू. कोपऱ्यापासून साधारण 150 मिलिमीटरवर पहिला, मग 600 च्या आत पुढचा. इथे उभ्या बाजूला एकच, मधोमध. आणि विटा फोडल्या तिकडे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, भिंतीवर जेमतेम दोन बोटं टेकलेली; निदान 150 मिलिमीटर टेकायला हवी. कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय.

माप घेतलं तेव्हा टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं, हे आठवलं की आजही डोकं फिरतं. टेप एकदाच लावला, मधोमध. रुंदी वर, मध्ये, खाली मोजून सगळ्यांत लहान माप धरायचं असतं, उंचीचंही तसंच. दोन्ही कर्ण जुळतात का ते बघायचं. कर्ण न मोजताच गाळा वाकडा आहे हे याला कळलं कसं? पण मी काही गवंडी नाही. समोरचा लेझरची लाल रेघ भिंतीवर पाडून तोऱ्यात मान हलवतो, तेव्हा तुम्हीही गप्पच बसला असता.

वरच्या लाकडी भिंतीतही तेच. तिथे खिडकीभोवती पाणी अडवणारी पट्टी आधी खाली, मग बाजूंना, शेवटी वर, म्हणजे कौलांसारखी वरची खालचीवर चढते. यांनी उलटी लावली, पाणी थेट लाकडात. पट्टी झाकायच्या आधी फोटो काढा. नाही म्हणाला तर तिथेच काम थांबवा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बांधकाम खात्यातल्या साहेबांनी भेगेचा फोटो पाहिला, ‘घराच्या आतलं काम आमच्याकडे येत नाही’ म्हणून मोबाइल परत दिला. लिंटेल काय आतलं काम आहे? खिडकी बनवणारी कंपनी म्हणते, बसवणं आमचं नाही. ग्राहक तक्रारीला लेखी करार मागतात. करार कुठला, सगळं फोनवर. भिंत पडल्यावर मात्र सगळे पंचनाम्याला हजर होतील.

कोटेशनमध्ये गाळ्याचं काम वेगळ्या ओळीत लिहून घ्या, मापांसकट. दुसऱ्या गवंड्याला 23,200 मोजून लिंटेल नीट करून घेतलं. बसवायच्या दिवशी त्या भामट्याने 40,000 नेले होतेच, तरी उरलेल्या 7,200 साठी अजून मेसेज टाकतो, वर हात जोडल्याचं चित्र.