रातराणीच्या ड्रायव्हरने केलेला मानसशास्त्राचा वर्ग

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी मानसशास्त्राची तोंडओळख करून देणारा वर्ग भरतो. फी १२०० रुपये, परीक्षा नाही. मी एसटीत ड्रायव्हर, मुंबईच्या रातराणीवर असतो. झोपेबद्दल काही कळेल म्हणून नाव घातलं आणि त्यासाठी फी वसूल झाली.

झोपेची सुरुवात मॅडमनी १९३८ सालापासून केली. झोपेचे संशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा तरुण सहकारी रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन पोचत नाही. दिवस २४ ऐवजी २८ तासांचा करून बघायचा, शरीर ऐकतं का? रिचर्डसनचं ऐकलं, चाळिशी उलटलेल्या क्लाइटमनचं काही केल्या ऐकेना. वर्गातले एक काका लगेच म्हणाले, "म्हणजे वयाचा फरक!" मॅडम म्हणाल्या, "काका, माणसं दोनच. वयामुळे की आणखी कशामुळे, हे दोघांवरून ठरवता येत नाही." संशोधनाची पद्धत मला इथे समजली.

मग चहावरून वाद रंगला. वाटेत चहाला थांबणाऱ्या ड्रायव्हरला डुलकी कमी लागते, असं मी म्हटलं. मॅडमनी विचारलं, चहामुळे, की गाडीतून उतरून पाय मोकळे केल्यामुळे? खरं शोधायचं तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला नेहमीचा चहा, दुसऱ्याला त्याच चवीचा पण कॅफीन नसलेला. आणि कुणाला कुठला दिला हे पिणाऱ्यालाही माहीत नको, तपासणाऱ्यालाही नको. आता डेपोत कुणी छातीठोक काही सांगितलं की मी आधी हेच विचारतो.

पहाटेच झोप एवढी का अनावर होते, याचंही उत्तर मिळालं. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर लागतं, आणि पहाटे अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं तेव्हा झोप जोर करते. कशेडी घाटात वळणं माणसाला जागं ठेवतात. धोका पुढे, वडखळ-पेणच्या सपाट रस्त्यावर. कॅफीनचा परिणाम पुरता जाणवायला अर्धा तास लागतो, म्हणून चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. उठल्यावर डोकं जड असतं, ते उतरेपर्यंत स्टेअरिंग धरायचं नाही. थांब्यावर वेळ असेल तेव्हा मी हे करतो.

संवेदनांचा पाठ अमावास्येला भाट्ये किनाऱ्यावर घेतला, टॉर्च आणि मोबाइल बंद. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास जातो. एका अंधूक ताऱ्याकडे सरळ पाहिलं की तो नाहीसा व्हायचा, नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा दिसायचा. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीच असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी त्याच्या भोवताली. एवढी वर्षं रात्रीची गाडी चालवतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये हे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मेंदूचा भाग मात्र कच्चा. प्लास्टरचं मॉडेल समोर ठेवून नावं लिहून घेतली, झालं. फक्त "तान" एवढंच बोलू शकणारा, फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांचा रुग्ण, १८६१ साली त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात सापडलेली इजा, हे दहा मिनिटांत उरकलं. आमच्या वाडीत अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले एक आजोबा आहेत. त्यांना बोललेलं समजतं का, घरच्यांनी कसं बोलावं, हे विचारायचं राहूनच गेलं. शिवाय छापील नोट्स सगळ्या इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्यांनी काय करायचं?

रात्रपाळीवाल्यांनी, मग ते ड्रायव्हर असोत, नर्स असोत की मिरकरवाड्यातले खलाशी, झोप आणि संवेदनांसाठी जरूर जावं. बारावीच्या अभ्यासासाठी मेंदू शिकायचा असेल, तर मराठी नोट्स येईपर्यंत थांबा. मॅडमनी त्या दिवाळीनंतर देते म्हटलंय.