जूनमधलं लक्षद्वीप आणि आमचे ९६ हजार

लक्षद्वीपचं 'ऑफ-सीझन पॅकेज' कोणी गळ्यात मारत असेल तर आधी हे वाचा. आमचे ९६,००० गेलेत. बुकिंगचे २५,०००, चौघांची बेटांवर जायची 'परमिट फी' ९,६०० आणि विमानाची तिकिटं 'आजच्या आज लॉक' करायला ६१,४००. सगळे यूपीआयने, तेही कुणा बाईच्या खासगी खात्यावर. पावतीवरचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपया पाठवू नका.

बाकी प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. निळ्या पाण्याचे फोटो, ४० टक्के सूट, "ताई, शेवटच्या दोनच खोल्या". माझा संताप होतो तो दुसऱ्याच गोष्टीने. निघायच्या आधी मालवणच्या मावसभावाचा फोन आला होता. "गो, हय किल्ल्याक जावची होडी बंद झाली, नि तू खंय दर्यात चल्लंस?" सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, १ जूनपासून मासेमारी बंद, आणि आम्ही ७ जूनला अगत्तीहून बंगारामला स्पीडबोटीने डॉल्फिन बघत जाणार! वर मीच त्याला ऐकवलं, "अरे, तिथे लगून असतं, लाटा आत येत नाहीत." एजंटाने पढवलेलं वाक्य. प्रवाळाच्या कड्याआत पाणी शांत असतं हे खरंच आहे, म्हणून तर पटलं. पण दोन बेटांमधला समुद्र उघडाच, आणि केरळात पाऊस सुरू होतो त्याच सुमारास तिथेही होतो. जायचं तर ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत.

मग जूनमध्ये निघालातच कशाला, असं विचारू नका. नवऱ्याला रजा तेव्हाच मिळाली, मुलांची शाळा उघडायची होती. हवामान बघून रजा देणारं ऑफिस मला तरी माहीत नाही.

कोचीच्या विमानतळावर कळलं, त्या पीएनआरवर बुकिंगच नाही. परमिटची पीडीएफही बनावट. परमिट लक्षद्वीप प्रशासन देतं. एजंटाने पाठवलेला कागद तिथे पडताळल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

आणि पोलीस! "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हा दिवाणी मामला." आम्ही डोंबिवलीचे, एजंट वाशीचा, म्हणून तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे डोंबिवलीतून गेले, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, असं मी म्हटलं तर साहेब विचारतात, "वकील आहात का?" बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. आणलं, तर त्यावर शिक्का नाही! सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन मात्र तिथल्या तिथे करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. आम्ही रडणारी पोरं सांभाळत होतो, तो वेळ गेला.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला अंदमान होतं: 'जुलै स्पेशल, स्वराज द्वीप, समुद्र एकदम शांत'. अंदमानात मान्सून केरळच्याही आधी, मे महिन्यातच येतो. स्क्रीनशॉट घेऊन चौकीत गेले. "मॅडम, यात अजून कोण फसलंय?" म्हणाले.