जूनमध्ये विकले गेलेले ‘खाऱ्या पाण्याचे’ रीळ

पुण्यापासून समुद्र घाटापलीकडे आहे, आणि खाऱ्या पाण्यातील मासेमारीच्या रिळांच्या, म्हणजे गळाची दोरी गुंडाळणाऱ्या यंत्रांच्या नावाखाली शहरात जी फसवणूक चालते ती नेमकी याच अंतरावर उभी आहे. खडकवासल्याला किंवा पानशेतला गळ टाकणाऱ्याला रिळातील दोष पुढच्याच रविवारी कळतो. श्रीवर्धन, हर्णै किंवा गुहागरला जाणाऱ्याला तो कळेपर्यंत माल बदलून देण्याची मुदत उलटून गेलेली असते. ही मुदत माझ्या बाबतीत कशी उलटवली गेली आणि त्या रिळाच्या पोटात काय निघाले, हे सविस्तर लिहीत आहे, कारण तोच माल अजून विकला जात आहे.

जूनच्या सुरुवातीला मोबाइलवर ‘पावसाळी सवलत’ अशी जाहिरात आली. एका नामांकित जपानी कंपनीच्या नावाचे, ६००० आकाराचे स्पिनिंग रीळ. मूळ किंमत ३२,००० रुपये, सवलतीत १४,५००. दुकान म्हणजे मध्यवस्तीतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खोली होती. भिंतीला रॉड टेकवलेले, काचेच्या कपाटात रिळे मांडलेली आणि विक्रेत्याचे बोलणे कमालीचे आर्जवी. “काका, हा थेट जपानच्या बाजारातला माल आहे, इथल्या किमतींशी तुलनाच करू नका. हँडल फिरवून बघा, लोण्यासारखं चालतं.” हँडल खरोखरच तसे चालत होते. खोक्यावर ‘१४+१ बेअरिंग’ (म्हणजे चौदा बॉल आणि एक रोलर), ‘कमाल ड्रॅग २५ किलो’ (ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ठरावीक ताणावर सुटू देणारा ब्रेक) आणि ‘वॉटरप्रूफ’ असे ठळक छापलेले होते. मी पक्के बिल मागितले, तेव्हा कर वेगळा लागेल असे सांगून झाले. तरीही आग्रह धरल्यावर बिल संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येईल असा शब्द मिळाला आणि हातात एक कच्ची पावती पडली. तिच्यावर शिक्का होता : ‘१५ दिवसांत बदलून मिळेल’. बिल कधीच आले नाही.

आता या पंधरा दिवसांचे गणित पाहा. राज्यात यांत्रिक नौकांवरील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि किनाऱ्यावरून गळ टाकणारा हौशी माणूसही त्या काळात खडकांवर पाऊल ठेवत नाही. उधाण ओसरून नारळी पौर्णिमा होईपर्यंत रॉड कपाटावरच असतात. जूनमध्ये विकलेल्या रिळाला पंधरा दिवसांची हमी देणे म्हणजे हमी न देणेच होय. ही सवलत जूनमध्येच निघते, ती गिऱ्हाइकावरच्या प्रेमापोटी नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यानंतर ताम्हिणी घाटाने श्रीवर्धनकडे गेलो. भरतीच्या वेळी खडकांवरून टाकलेल्या ल्यूरला, म्हणजे कृत्रिम आमिषाला, बऱ्यापैकी वजनाचा मासा लागला, बहुधा सुरमई असावी, आणि तिने पहिली धाव घेताच ड्रॅगमधून दोरी सलग सुटण्याऐवजी अडकत, झटके देत सुटू लागली. अशा झटक्यांत दोरी तुटते, तशी ती तुटली. दुपारपर्यंत हँडल उलटेही फिरू लागले, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या रोटरला एकाच दिशेने फिरू देणारे रोलर बेअरिंग निकामी झाले. घरी परतल्यावर नेहमीप्रमाणे ड्रॅग आवळून, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन रीळ वाळवले. काही दिवसांतच दोरी ज्यावरून वळते त्या लाइन रोलरपाशी तांबूस ओघळ दिसू लागले.

विक्रेत्याचे उत्तर जसेच्या तसे देतो : “काका, खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मालाला गॅरंटी नसते.” खाऱ्या पाण्याचे म्हणून विकलेल्या रिळाबद्दल हे वाक्य तो सरळ चेहऱ्याने बोलू शकला, यावरून हे तो पहिल्यांदा बोलत नसावा, एवढे तर कळले.

मग रीळ उघडले. बाजूचे झाकण काढताच आत पिवळट, घट्ट ग्रीस ठासून भरलेले दिसले. दुकानातला तो गुळगुळीतपणा या ग्रीसचा होता. सैल बसणाऱ्या दात्यांमधील खडखड जाड ग्रीस दाबून टाकते, आणि नवे रीळ हातात घेणारा माणूस त्यालाच दर्जा समजतो. ग्रीस पुसल्यावर मुख्य गिअर दिसला तो जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला, आणि एवढ्याशा वापरात त्याच्या दात्यांच्या कडा करड्या पडून झिजलेल्या होत्या. जस्ताचा गिअर वापरणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे, अनेक स्वस्त रिळांत तोच असतो. परंतु ३२,००० रुपयांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रिळात दाबून घडवलेला किंवा कोरून काढलेला मजबूत गिअर अपेक्षित असतो. ड्रॅगच्या चकत्या कार्बन फायबरच्या नसून फेल्टच्या होत्या आणि त्याही कोरड्या. बाहेरून धातूसारखे चमकणारे अंग रंग दिलेल्या प्लॅस्टिकचे होते.

बेअरिंगांची कथा थोडी लांब सांगावी लागेल, कारण विक्रीचा सारा भर त्यांच्या आकड्यावर असतो. ‘१४+१’ पैकी प्रत्यक्षात निम्मीही बेअरिंगे आत नव्हती. उरलेल्या जागी प्लॅस्टिकच्या बुशिंगा, म्हणजे साध्या कड्या, बसवल्या होत्या. जी होती ती नाना पेठेत बेअरिंगांच्या एका जुन्या दुकानात दाखवली. तेथील गृहस्थांनी एक बेअरिंग चिमटीत धरून बोटाने फिरवले, आतून कुरकुर ऐकली आणि म्हणाले, “हे साधं क्रोम स्टील आहे हो, याला मिठाचं पाणी चालत नाही.” क्रोम स्टीलमध्ये क्रोमियम साधारण १.५ टक्के असते. पोलादाला स्टेनलेस म्हणायचे तर ते किमान १०.५ टक्के लागते, आणि पृष्ठभागावर जो पातळ संरक्षक थर तयार होतो तो या क्रोमियममुळेच. अर्थात, मिठातील क्लोराइड त्या थरालाही भोके पाडते, म्हणून स्टेनलेस बेअरिंगही अमर नसते. पण पहिल्याच हंगामात ते असे कुरकुरत नाही. दर्जेदार स्टेनलेसची सहा बेअरिंगे ही साध्या पोलादाच्या चौदांपेक्षा केव्हाही सरस, त्यामुळे नुसत्या संख्येवर पैसे मोजू नयेत.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्दही असाच. चांगल्या कंपन्या तो मोघम लिहीत नाहीत, त्या सील कुठे आहे ते सांगतात. पेन या कंपनीच्या स्पिनफिशर मालिकेच्या सहाव्या आवृत्तीला आयपीएक्स५ आणि स्लॅमरच्या चौथीला आयपीएक्स६ असे पाणीरोधकतेचे मानांकन आहे. दायवा ही कंपनी पाणी आत शिरू नये म्हणून आपल्या काही रिळांत चुंबकीय तेलाचा पडदा वापरते. आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर आणि आयपीएक्स६ म्हणजे १२.५ मिलिमीटर तोंडातून मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत सोसणे. ही चाचणी साध्या पाण्याची असते, मिठाची नव्हे, आणि रीळ पाण्यात बुडवण्याशी तिचा संबंध नाही. मानांकनाचा अंक न देता नुसते ‘वॉटरप्रूफ’ छापलेले असेल, तर त्या शब्दाची किंमत शून्य धरावी. ‘ड्रॅग २५ किलो’ हेही तसेच : ४० पौंडांची, म्हणजे सुमारे १८ किलोंना तुटणारी दोरी लावली तर ड्रॅग तिच्या चतुर्थांश ते तृतीयांश ताणावर, म्हणजे साडेचार ते सहा किलोंवर ठेवतात. तेवढ्या ताणावर तो सलग सुटतो की अडकत सुटतो, एवढेच पाहायचे असते. दुकानातच दोरी हाताने ओढून हे कळते. ओढू देत नसतील तर तिथून निघावे.

दुकानातच करता येण्याजोगी आणखी एक तपासणी आहे, आणि नकली मालावर ती मला सर्वांत खात्रीची वाटते. खोक्यावर ६.२:१ असे गिअरचे गुणोत्तर छापले होते, म्हणजे हँडलच्या दहा फेऱ्यांत रोटरने ६२ फेऱ्या घ्यायला हव्यात. रोटरवर कागदाची चिकटपट्टी लावून मोजल्या तर ५२ भरल्या. खोक्यावरचा आकडा कोणीही छापू शकतो, परंतु आतल्या दात्यांची संख्या रंगाने किंवा ग्रीसने बदलता येत नाही. वजनाचेही तसेच : कंपनीच्या माहितीपत्रकात रिळाचे वजन ग्रॅममध्ये दिलेले असते, आणि स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर माझे रीळ त्यापेक्षा शंभरेक ग्रॅमने कमी भरले.

खोक्यावर आयातदाराचे नाव आणि पत्ता कोठेच नव्हता. परदेशातून आणून वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ‘थेट जपानच्या बाजारातला माल’ हे वाक्य ती उणीव झाकण्यासाठी असते. एखादी व्यक्ती प्रवासातून स्वतःसाठी रीळ आणते ते वेगळे. दुकानात मांडून विकणाऱ्याला ही सबब नाही.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवली, आणि वैधमापनशास्त्र विभागाकडे खोक्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रे पाठवली. त्यानंतर विक्रेत्याने ‘आपसात मिटवू’ म्हणून निम्मे पैसे देऊ केले. ते घेतले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही, त्यामुळे अर्ज दाखल केला आहे. पक्के बिल नसताना तेथे माझ्या बाजूने काय उभे आहे, तर शिक्क्याची कच्ची पावती, यूपीआयने भरलेल्या रकमेची नोंद, ‘बिल संध्याकाळी पाठवतो’ हा त्याचा संदेश आणि जाहिरातीचे मी वेळीच जपून ठेवलेले छायाचित्र. यातले शेवटचे विशेष उपयोगी ठरेल असे दिसते, कारण मूळ जाहिरात त्याने काढून टाकली आहे.

त्याच छायाचित्राची जाहिरात आता दुसऱ्या मोबाइल क्रमांकावरून फिरत आहे. किंमत १३,९०० रुपये केली आहे आणि ‘पावसाळी’च्या जागी ‘दिवाळी’ आले आहे. खोक्यावर १४+१, २५ किलो आणि ६.२:१ हे तिन्ही आकडे आहेत, आयातदाराचे नाव नाही.