नकाशा कोणाच्या हाती? विधिमंडळ की आयोग: अमेरिकेतल्या मराठी मतदारासाठी

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर पहिली मतपत्रिका हातात आली की तिची लांबी पाहूनच माणूस गोंधळतो. राष्ट्राध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंत नावंच नावं, आणि शेवटी दोन-चार प्रस्ताव, ज्यांना ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणायचं. बरेच जण तिथवर येईस्तो कंटाळतात आणि ते प्रस्ताव कोरे सोडतात. पण त्यात कधीतरी असा एक प्रस्ताव येतो, ज्याच्यावर पुढची दहा वर्षं वरच्या नावांना किती अर्थ उरेल हे ठरतं. मतदारसंघांच्या सीमा कोणी आखायच्या: राज्याच्या विधिमंडळाने, की वेगळ्या आयोगाने? कॅलिफोर्निया, मिशिगन, कोलोरॅडो, व्हर्जिनिया, युटा, ओहायो इथल्या मतदारांना गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे विचारलं गेलंय. तुमच्या राज्यात विचारलं गेलं तर काय तोलून पाहायचं, ते इथे मांडते.

भारतात वाढलेल्यांना मुळात हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. तिथे परिसीमन आयोग बसतो, अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती. आमदार-खासदार सहयोगी सदस्य म्हणून बोलू शकतात, पण त्यांना मत नसतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत आमदारच नकाशा आखतात. स्वतःच्या मतदारसंघाचा आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधीगृहाचाही.

प्रतिनिधीगृहाच्या जागा ४३५. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि जागा राज्यांत वाटल्या जातात. हे वाटप निव्वळ गणित आहे. २०२०च्या जनगणनेत ८९ माणसं कमी पडली म्हणून न्यूयॉर्कची एक जागा गेली. एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६० हजार लोक, आणि एकाच राज्यातल्या मतदारसंघांची लोकसंख्या जवळपास सारखी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवून दिलं. पण सारख्या लोकसंख्येचे तुकडे हजार तऱ्हांनी पाडता येतात. विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात कोंबायचे, म्हणजे ते तिथे प्रचंड मतांनी जिंकतात आणि बाकी सगळीकडे हरतात. किंवा त्यांचं शहर फोडून चार मतदारसंघांत वाटायचं, म्हणजे ते कुठेच जिंकत नाहीत. युटाच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये सॉल्ट लेक काउंटीचे असेच चार तुकडे केले होते. याला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसत होता, त्यावरून ‘गेरी’ आणि ‘सॅलमँडर’ जोडून हे नाव पडलं.

विधिमंडळाची बाजू

विधिमंडळाच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो वाजवी आहे आणि तो नीट ऐकायला हवा. आमदार निवडून आलेले असतात, चुकले तर त्यांना घरी बसवता येतं. आयोगावरच्या माणसाला तुम्ही कधी मत दिलेलं नसतं, त्याला काढताही येत नाही. गव्हर्नरचा नकाराधिकार असतो, न्यायालयं असतात. शिवाय कोणती दोन गावं एका नदीने जोडलेली आहेत आणि कोणती तोडलेली, हे स्थानिक आमदाराला इतरांपेक्षा जास्त कळतं.

अडचण ‘घरी बसवता येतं’ या शब्दांतच आहे. ज्याला घरी बसवायचं, त्यानेच आपला मतदारसंघ आखलेला असतो. विस्कॉन्सिनमध्ये २०११चा नकाशा रिपब्लिकन विधिमंडळाने आखला. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी एव्हर्स राज्यभरच्या मतांवर गव्हर्नर झाले, राज्याच्या विधानसभेसाठीही त्या पक्षाला एकूण सुमारे ५३ टक्के मतं पडली. जागा मिळाल्या ९९ पैकी ३६. काही मतदारसंघांत रिपब्लिकन उमेदवारच नव्हता, त्यामुळे ती टक्केवारी थोडी फुगलेली आहे. तेवढं वजा केलं तरी निकाल आणि मतं यांचा मेळ बसत नाही. २०२४ मध्ये नवा नकाशा आला आणि आकडा एकदम रिपब्लिकन ५४, डेमोक्रॅटिक ४५ असा झाला.

हे एकाच पक्षाचं पाप नाही. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटिक विधिमंडळाने असा नकाशा केला की २०२२ मध्ये १७ पैकी १४ जागा त्यांच्या झाल्या. मेरीलँडचीही तीच कथा. नॉर्थ कॅरोलायनात मतदार जवळजवळ निम्मे-निम्मे. न्यायालयाने आखलेल्या नकाशावर २०२२ मध्ये निकाल ७-७ लागला, रिपब्लिकन विधिमंडळाने नकाशा बदलल्यावर २०२४ मध्ये रिपब्लिकनांच्या बाजूने १०-४. माणसं तीच, रेषा वेगळ्या.

न्यायालयाचं म्हणाल तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगून टाकलं की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत. वंशाच्या आधारावरची आखणी हा वेगळा प्रश्न, त्यात ती पडतात. पक्षीय आखणीबाबत मात्र उरतं राज्याचं न्यायालय आणि राज्याची घटना. म्हणून तर हा प्रस्ताव तुमच्या मतपत्रिकेवर येतो.

‘आयोग’ नावाखाली येणाऱ्या निराळ्या गोष्टी

इथे बहुतेकांची फसगत होते. ‘स्वतंत्र आयोग’ हे शब्द ऐकून आपण भारतातल्यासारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. प्रत्येक राज्यात त्या शब्दांखाली वेगळी यंत्रणा आहे.

मी न्यू जर्सीची मतदार, तेव्हा आधी आमच्या घरचं. काँग्रेसच्या जागांसाठी आमच्याकडे १३ जणांचा आयोग आहे. दोन्ही पक्षांचे सहा-सहा, आणि तेरावा तटस्थ. हे बारा जण पक्षांचेच असल्याने दोन नकाशे समोर येतात आणि तेरावा त्यातला एक उचलतो. २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांनी डेमोक्रॅटिक नकाशा निवडला आणि कारण सांगितलं की मागच्या खेपेला रिपब्लिकनांचा नकाशा निवडला गेला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याकडून सविस्तर कारणं मागवली, ती त्यांनी दिली, नकाशा टिकला. पण पाळीपाळीने वाटून घेण्याचा तो विचार मला अजून बोचतो. या पद्धतीत मतदार कुठेच दिसत नाही.

ॲरिझोनात पाच जण: दोन, दोन आणि अपक्ष अध्यक्ष. सगळा भार त्या एका माणसावर. २०११ मध्ये तिथल्या गव्हर्नरनी आयोगाच्या अध्यक्षांनाच पदावरून काढलं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत बसवलं.

सम संख्येचे आयोग तर त्याहून वाईट. न्यूयॉर्कमध्ये दहा जणांचा, व्हर्जिनियात सोळा जणांचा, त्यातले आठ आमदार. दोन्ही ठिकाणी कोंडी झाली. व्हर्जिनियात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ नेमून नकाशा करून घेतला. न्यूयॉर्कमध्ये काम पुन्हा विधिमंडळाकडे गेलं, त्यांनी आपल्या सोयीचा नकाशा केला आणि तो न्यायालयात उडाला.

आयोवाची तऱ्हाच निराळी. १९८० पासून तिथे विधिमंडळाच्या सेवेतलं पक्षनिरपेक्ष कार्यालय नकाशा बनवतं. विद्यमान आमदार कुठे राहतात, कोणत्या भागात कोणाला मतं पडतात, ही माहिती वापरायची कायद्याने बंदी. काँग्रेसच्या मतदारसंघासाठी काउंटी फोडायची नाही. फार स्वच्छ पद्धत आहे, पण चार जागांच्या, बऱ्याचशा एकसारख्या वस्तीच्या राज्यात ती चालते म्हणून टेक्सासमध्ये चालेल असं मला वाटत नाही.

मिशिगन: जमेची बाजू आणि उणी

खऱ्या अर्थाने नागरिकांचे म्हणावेत असे आयोग कॅलिफोर्नियात आणि मिशिगनमध्ये आहेत. मिशिगनचं जरा तपशिलात सांगते, कारण तिथे या पद्धतीचं भलं आणि बुरं दोन्ही उघड दिसतं, आणि त्यात एक मराठी धागाही आहे.

२०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी हा बदल मंजूर केला. सर्वसामान्य लोकांनी अर्ज करायचे, त्यातून सोडत काढायची. १३ सदस्य: चार डेमोक्रॅटिक, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याही पक्षाचे नसलेले. नकाशा मंजूर व्हायला सात मतं, आणि त्यात तिन्ही गटांतली किमान दोन-दोन. म्हणजे एका गटाला दुसऱ्याला चिरडता येत नाही. या नकाशावर २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला जवळजवळ चाळीस वर्षांनी राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं मिळाली, आणि २०२४ मध्ये रिपब्लिकनांनी खालचं सभागृह परत घेतलं. सत्ता अशी हलू शकते, यालाच मी नकाशा चांगला असल्याचं लक्षण मानते.

याच आयोगाने डेट्रॉइटचा १३ वा मतदारसंघ नव्याने आखला. तिथल्या पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते, आणि सुमारे २८ टक्के मतांवर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नावच) जिंकून पुढे काँग्रेसमध्ये पोचले. मराठी घरांत आनंद झाला, साहजिकच होता. पण त्याच वेळी सुमारे सात दशकांत प्रथमच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही, आणि हे शहर मोठ्या बहुसंख्येने कृष्णवर्णीयांचं आहे. राज्य पातळीवर तर डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने डेट्रॉइट परिसरातले विधिमंडळाचे १३ मतदारसंघ रद्द केले, आयोगाने ते प्रामुख्याने वंश पाहून आखले म्हणून. सोडतीने निवडलेले लोक सल्लागारांवर अवलंबून राहिले, त्यातून हे घडलं. हेतू स्वच्छ असला तरी चूक होते, आणि ती साध्या माणसांना भोवते.

तरी विस्कॉन्सिनमधली विकृती आणि मिशिगनमधली चूक मला एकाच पारड्यात घालता येत नाही. मिशिगनमध्ये न्यायालयाने सांगितल्यावर त्याच आयोगाने विधानसभेचे मतदारसंघ २०२४च्या निवडणुकीआधी पुन्हा आखले.

प्रस्ताव हातात आल्यावर

शीर्षकावर जाऊ नका. ओहायोत २०२४ मध्ये पक्षीय आखणी थांबवण्यासाठी नागरिकांच्या आयोगाचा प्रस्ताव आला, आणि मतपत्रिकेवरच्या अधिकृत वर्णनात छापलं गेलं की नव्या आयोगाला जेरीमँडरिंग करणं बंधनकारक असेल. प्रस्ताव पडला. मूळ मसुदा मिळवा आणि त्यात आधी कोंडीचं कलम शोधा: एकमत झालं नाही तर नकाशा कोणाकडे जातो? विधिमंडळाकडे जात असेल, तर आयोग केवळ शोभेचा. मग सदस्य कोण निवडतं ते पाहा. पक्षनेते नेमत असतील तर तो न्यू जर्सीचा प्रकार. आणि हा घटनेतला बदल आहे की साधा कायदा? युटाच्या मतदारांनी २०१८ मध्ये मंजूर केलेला कायदा विधिमंडळाने दोन वर्षांत पोकळ करून टाकला, पुढे न्यायालयात लढावं लागलं.

एक गोष्ट मलाही अवघड जाते. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता पाच जादा रिपब्लिकन जागांच्या हिशेबाने नकाशा बदलला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये सुमारे ६४ टक्के मतांनी आपल्याच आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून विधिमंडळाचा स्वीकारला, २०३० पर्यंत. समोरचा नियम पाळत नसेल तर आपण का पाळायचा, हा प्रश्न खोटा नाही. मी कॅलिफोर्नियात असते तर काय केलं असतं, यावर माझं मन अजून ठरत नाही. पण माझ्या राज्यात मिशिगनच्या पद्धतीचा प्रस्ताव आला तर मी ‘होय’ म्हणेन, न्यूयॉर्कच्या पद्धतीचा आला तर ‘नाही’.

आणि ‘होय’ जिंकलं तर आपलं काम आयोगाच्या जाहीर सुनावणीला जाण्याचं. एकत्र राहणाऱ्या, एकसारख्या गरजा असणाऱ्या वस्त्या तोडू नयेत, हा निकष मिशिगनच्या घटनेत पक्षीय समतोलाच्याही वर आहे, कॅलिफोर्नियातही तो आहे. तिथल्या आयोगाने २०११ मध्ये फ्रीमाँट, सनीव्हेल, कुपर्टिनो हा पट्टा एका मतदारसंघात ठेवला, आणि हवाईबाहेरचा पहिला आशियाई बहुसंख्येचा मतदारसंघ तयार झाला. आपली मुलं कोणत्या शाळेत जातात, भाजी कुठून आणतो, आजी-आजोबांना कोणत्या दवाखान्यात नेतो, हे तीन मिनिटांत सांगता येतं. लिहूनही पाठवता येतं.