८०० शब्दांची प्रेमकथा: पहिली भेट की पुनर्भेट?

८०० शब्दांत दोन माणसं, एक अडचण आणि एक निर्णय एवढंच मावतं. म्हणून लिहायला बसण्याआधीच ठरवावं: दोघं आज पहिल्यांदा भेटतायत, की कित्येक वर्षांनी पुन्हा?

पहिल्या भेटीत भूतकाळ सांगावा लागत नाही, थेट प्रसंगात शिरता येतं. गोची होते ती शेवटी. बसथांब्यावर ओळख आणि ७०० शब्दांनंतर लग्नाची मागणी, हे वाचकाला पटत नाही. इथे शेवट लहानच हवा: "उद्या याच बसला?" एवढा प्रश्न पुरतो.

पुनर्भेटीत प्रेम आधीच मुरलेलं असतं, त्यामुळे मोठा शेवटही पेलतो. आमच्या मते छोट्या कथेला हीच जास्त मानवते. पण ती फसते फ्लॅशबॅकमुळे. कॉलेज, भांडण, घरच्यांचा विरोध असं सांगत गेलं की ३०० शब्द तिथेच जातात आणि चालू प्रसंग उपाशी राहतो. भूतकाळ १०० शब्दांच्या आत ठेवावा, तोही एखाद्या सवयीतून यावा. समजा, तो न विचारताच तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगतो. ती म्हणते, "आता घेते मी एक चमचा." जुनी जवळीक आणि मधली वर्षं, दोन्ही त्या चमच्यात आली. वेगळा खुलासा नकोच.

नावं मात्र दोन्हीकडे दोनच. मैत्रिणीला किंवा शेजाऱ्याला नाव दिलं, की वाचक त्यांचीही वाट बघत बसतो.