सूर्यास्ताच्या फोटोंसाठी माथेरान की लोणावळा?

पाऊस ओसरला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: कॅमेरा घेऊन एक संध्याकाळ डोंगरावर काढायची आहे, मुंबईपासून फार लांब नको, माथेरानचा पॉर्क्युपाइन पॉइंट बरा की लोणावळ्याचा टायगर पॉइंट? हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मलाही पडला होता. दोन्हीकडे बऱ्याच संध्याकाळी घालवल्यावर माझ्यापुरता तो सुटलाय. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

शहरातल्या शहरात काही जमतं का, हेही आधी पाहिलं होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या वरच्या कातळावरून पश्चिम छान मोकळी दिसते, पण उद्यान संध्याकाळी बंद होतं. नेमका उजेड सोनेरी व्हायला लागतो तेव्हा आपण फाटकाकडे चालत असतो. म्हणजे घाट चढणं आलंच.

निव्वळ दृश्याचं म्हणाल तर टायगर पॉइंटला तोड नाही. कडा सरळ खाली कोकणात उतरतो आणि समोर दरीत एकामागे एक डोंगरांच्या निळसर घड्या पडलेल्या असतात. लांब लेन्स असेल तर त्या थरांसाठी तरी एकदा जाच. गाडी जवळपास कड्यापर्यंत जाते. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला मी तिथेच नेलं होतं. गाडीतून उतरून पन्नास पावलांवर तिने शाल गुंडाळून सूर्यास्त पाहिला, गरम कणीस खाल्लं, आणि रात्री उशिरा का होईना आम्ही घरी होतो. माथेरानला हे जमलं नसतं.

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावरच सोडावी लागते. तिथून गाव अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेगाडीची शटल मिळाली तर ठीक, नाहीतर चालायचं किंवा घोडा करायचा. आता ई-रिक्षाही आहेत, पण पॉइंटवर मला तरी कधी दिसल्या नाहीत. बाजारपेठेतून पॉर्क्युपाइन पॉइंटला जायला मला रमतगमत पाऊण ते एक तास लागतो. वाट झाडीतली, लाल मातीची. घोडे गेले की ती माती उडते आणि ट्रायपॉडच्या सांध्यांत जाऊन बसते. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसला तरी दोन दिवस पाय खरखरत उघडतात. त्या वाटेवर लेन्स बदलायची नाही, हे मी एका ठिपकाळलेल्या सेन्सरनंतर शिकलो. माकडांचं सांगायला नकोच. बॅगेची चेन लावलेली ठेवा आणि चिक्कीचा पुडा हातात धरून फिरू नका.

एवढं असूनही मी माथेरानला का जातो?

सूर्य बुडाल्यानंतरच्या वीस मिनिटांसाठी. सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांना ठाऊक असतं की सूर्याची तबकडी हा त्या संध्याकाळचा निम्माच भाग. हिवाळ्यात तर पनवेलच्या बाजूला धुरकट पट्टा इतका जाड असतो की सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच त्यात विरून जातो. खरा रंग नंतर येतो. उंचावरच्या विरळ ढगांना खालून उजेड लागतो, आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळट. तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, 100 वर ठेवून सहा-आठ सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं असतं. या वीस मिनिटांत आजूबाजूला अंधार आणि शांतता हवी.

टायगर पॉइंटवर नेमकी तीच मिळत नाही. सूर्य गेला की लोक टाळ्या वाजवतात आणि गाड्यांकडे वळतात. इंजिनं सुरू होतात, मागे-पुढे घेणं सुरू होतं, आणि प्रत्येक गाडीचे हेडलाइट वळताना कठड्यावरून, माणसांवरून, गवतावरून फिरतात. एका जानेवारीतल्या शनिवारी मी तिथे बावीस फ्रेम काढल्या. आकाश असं रंगलं होतं की तसं मी नंतर दोनदाच पाहिलंय. घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडल्या, तर एकोणीस फ्रेममध्ये पुढचं गवत पांढरंफटक पडलेलं, आणि त्यातल्याच एकीत शेजाऱ्याच्या जॅकेटवरची चमकती पट्टी मधोमध. टोपीने लेन्स झाकत, दोन गाड्यांच्या मधला वेळ साधत काढलेल्या तीनच बऱ्या निघाल्या. एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. पुढच्या तिन्ही शनिवार-रविवारी थोड्याफार फरकाने तेच झालं. गाड्यांतून वाजणारी गाणी मी सोडून देऊ शकतो, उजेड नाही.

माथेरानमध्ये मोटारगाडीच नाही, त्यामुळे हेडलाइट नाही. सूर्य बुडाला की तिथेही गर्दी हलते, घोडेवाले हाका मारतात, दहा मिनिटांत पॉइंट रिकामा होतो. मग समोर फक्त प्रबळगडाची काळी आकृती उरते, उजवीकडे कलावंतीणचा सुळका, आणि खाली सपाटीवर एकेक दिवा लागत जातो. माझ्या अनुभवात नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ इथे सर्वांत चांगला, कारण सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि प्रबळगडाच्या अंगाने उतरतो. मे महिन्यात तो बराच उत्तरेला जातो, तेव्हा चौकटीत डोंगर आणि सूर्य एकत्र बसवायला त्रास होतो. हवा सगळ्यात स्वच्छ मिळते ती ऑक्टोबरात, पाऊस नुकताच गेलेला असताना.

परतीचं मात्र नीट ठरवून जा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, अर्धा तास थांबलात तर झाडीतून येताना मिट्ट काळोख असतो. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, डोक्याला लावायची बॅटरी घ्या. गावात पोहोचून पुढे दस्तुरी, मग नेरळची टॅक्सी, मग लोकल, ही साखळी रात्री कुठेही तुटू शकते. मी मुक्कामच करतो, आणि मग सकाळी पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदयही पदरात पडतो. मुक्काम शक्य नसेल, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर लोणावळाच सोयीचं, यात मला शंका नाही.

लोणावळ्याला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार बघा. भुशी डॅमच्या रस्त्यावर अडकून सूर्यास्त काचेतून बघायची वेळ सुट्टीच्या दिवशी सहज येते. पावसाळ्यात संध्याकाळनंतर थांबायला कधी कधी बंदी असते, ते आधी विचारून घ्या. गाड्या उभ्या असतात त्या पट्ट्यापासून जमेल तितकं लांब, पण कठड्याच्या आतच, ट्रायपॉड लावा. आणि गाडी लावताना तिचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा, म्हणजे निघताना तुमचा उजेड तरी मागे थांबलेल्या कुणाच्या फ्रेममध्ये जाणार नाही.